राजीनामा लिहू नका, अर्ज लिहा

पत्र : एका खासगी वितरण कंपनीच्या कार्यालयात मी हिशेब विभागात लिपिक आहे. कार्यालयात साठेक माणसं आहेत. नोकरीला चार वर्षं आठ महिने झाले. एकूण पगार १९,८०० रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. गेल्या महिन्यात मध्यरात्री वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मी एकुलती एक, आईला जिनासुद्धा चढवत नाही. पहाटे साडेचारला मी साहेबांना व्हॉट्सॲपवर कळवलं, सकाळी फोनही केला. ते म्हणाले, 'ठीक आहे, आधी घरचं बघ.' सोमवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत नऊ दिवस मी रुग्णालयात होते. कामावर परतल्यावर एचआरने सांगितलं, रजा मंजूर नव्हती, ही विनापरवानगी गैरहजेरी आहे. पगारातून अठरा दिवसांचे पैसे कापले; दुप्पट कपात हा म्हणे कंपनीचा नियम. आता म्हणतात, वडिलांचं लांबणार, तेव्हा राजीनामा दे, सगळं मार्गी लागलं की परत घेऊ. नाहीतर काढून टाकावं लागेल आणि अनुभवाच्या दाखल्यावर तसं लिहावं लागेल. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे. वडिलांची एक बाजू अजून लुळी आहे, रोज व्यायामाला न्यावं लागतं. अशा वेळी कायद्याने मला काही रजा मिळते का? आणि राजीनामा द्यावा का? सहकारी म्हणतात, न सांगता नऊ दिवस राहिलीस, चूक तुझीच.

उत्तर :

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण महिनाअखेर जवळ आली आहे. राजीनामा देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करू नका, 'नुसता मसुदा आहे, फाइलला राहू दे' म्हणून पुढे केलेल्या कागदावरही नाही. काढून टाकायचं असेल तर ते काम कंपनीला करू द्या. ते किती अवघड आहे हे कंपनीला ठाऊक आहे, म्हणूनच राजीनामा मागितला जातो आहे.

'परत घेऊ' हे तोंडी आहे आणि राजीनामा लेखी असणार आहे. माझ्याकडे एक जण असाच आला होता. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वरिष्ठांच्या शब्दावर विसंबून त्याने 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला. तीन महिन्यांनी त्याच्या जागी दुसरा माणूस बसलेला होता. आणि आम्ही दबावाचा मुद्दा काढला की समोरचा वकील ते दोनच शब्द वाचून दाखवायचा. स्वतःच्या सहीचा राजीनामा दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं, आणि ते फार जड असतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमची पाच वर्षं पूर्ण व्हायला चारच महिने राहिले आहेत. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. हिशोब सोपा आहे: मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या रकमेला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. तुमच्या १३,००० वर एका वर्षाचे ७,५०० होतात, पाच वर्षांचे ३७,५००. आज राजीनामा दिलात तर ही रक्कम बुडण्याचा धोका आहे. आणि उद्या खरोखरच परत घेतलं, तरी नेमणूक नवी, म्हणजे सेवेची मोजणी पुन्हा शून्यापासून. कंपनीने मुद्दाम हा हिशोब केला असेल असं मी म्हणत नाही, पण तुम्ही तो केलाच पाहिजे.

'तुमच्या गैरहजेरीने सेवेत खंड पडला' असंही कुणी सांगेल. आजारपण, अपघात, रजा यांनी सेवा तुटत नाही. विनारजा गैरहजेरीनेसुद्धा आपोआप तुटत नाही. ती सेवाखंड मानल्याचा रीतसर आदेश नियमांप्रमाणे काढावा लागतो. ग्रॅच्युइटीच्या जुन्या कायद्यात हे होतं, आणि आता तो कायदा ज्यात सामावला आहे त्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तुम्हाला असा आदेश मिळाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

आता रजेचा प्रश्न. इथे मला खरं तेच सांगायला हवं, जरी ते ऐकायला बरं वाटणार नाही. घरच्या माणसाच्या गंभीर आजारासाठी म्हणून वेगळी, हक्काची रजा आपल्याकडच्या खासगी नोकरीत कायद्याने दिलेली नाही. अमेरिकेत १९९३ पासून, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि त्या काळात नोकरी शाबूत राहते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून, ज्यांच्यावर घरच्या आजारी माणसाची जबाबदारी आहे त्यांना वर्षाला एक आठवडा तशीच रजा आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी आणि ८ दिवस किरकोळ रजा असते. ती वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसाठीही घेता येते, असं जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितलं. खासगी कार्यालयातल्या मुलीचे वडीलही तितकेच आजारी पडतात. कायद्यातली ही उणीव मला फार वर्षांपासून खटकते आहे, आणि ती भरून निघेपर्यंत आहे त्या साधनांनीच काम चालवावं लागतं.

ती साधनं तशी कमी नाहीत. तुमच्या कार्यालयाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो. (आधी १० कामगारांपासून पुढच्या आस्थापनांना तो पूर्णपणे लागू होता, ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. तुम्ही साठ जण आहात, तुम्हाला त्याने फरक पडत नाही.) या कायद्याचं कलम १८ वाचा. वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा, दर तिमाहीला खात्यात जमा होणारी. ती वापरली नाही तर वर्षाअखेर बुडते. त्याशिवाय आदल्या वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. तुम्ही वर्षाला २८० दिवस काम केलं असेल, तर १४ दिवस झाले. ही दुसरी रजा साठते, ४५ दिवसांपर्यंत.

तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, पण खात्यात किती रजा शिल्लक आहे ते लिहिलं नाहीत. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. चार वर्षं आठ महिन्यांत तुम्ही फारशी रजा घेतली नसेल, तर तुमच्या नावावर वीस-तीस दिवस सहज असतील. रजेची नोंद ठेवणं मालकाचं काम आहे. तो उतारा मागा.

कधी रजा द्यायची हे ठरवण्याचा अधिकार मालकाला आहे, हेही मान्य करून चला. पंधरा दिवस आधी अर्ज द्या, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. पण पक्षाघात पंधरा दिवस आधी कळवून येत नाही. म्हणून तुमच्यासारख्या प्रसंगात बघायचं ते एवढंच: शक्य तितक्या लवकर कळवलं का, कारण खरं होतं का, आणि कारण संपताच कामावर हजर झालात का. तिन्हींचं उत्तर 'हो' आहे. सहकारी म्हणतात तसं तुम्ही 'न सांगता' राहिलेला नाहीत. पहाटे साडेचारचा संदेश तुमच्या फोनमध्ये आहे. तो पुसू नका, त्याचा फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, आणि मूळ फोन जपून ठेवा. संदेशाखाली साहेबांचा 'ओके' किंवा अंगठा असेल तर फारच बरं.

आता अठरा दिवसांची कपात. ती निखालस बेकायदा आहे. वेतनाच्या कायद्यात गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. जितके दिवस काम व्हायला हवं होतं आणि झालं नाही, तितक्याचेच पैसे. तुमच्या नऊ दिवसांत एक रविवार होता, म्हणजे कामाचे दिवस आठच. वरचे दिवस ही शिक्षा आहे, आणि शिक्षा म्हणून दंड करायचा तर त्याचे नियम निराळे आहेत: कोणत्या चुकीला दंड होतो हे आधी जाहीर करावं लागतं, बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता येत नाही. अख्खा १९,८०० धरला तरी ते ५९४ रुपये होतात. 'कंपनीचा नियम' म्हणून कायद्याच्या वर काही बसत नाही. वेतन संहितेप्रमाणे असा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, तेव्हा या पैशांसाठी आजच रात्रभर जागू नका. पगारपत्रक मात्र जपून ठेवा.

'काढून टाकू' या धमकीचं काय? यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत आणि दोन्ही तुमच्या उपयोगाचे आहेत. पहिला १९९३ चा, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. त्या कंपनीच्या स्थायी आदेशांतच, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांतच, लिहिलं होतं की आठ दिवसांहून अधिक विनारजा गैरहजर राहिलं तर नाव आपोआप कमी होईल. न्यायालयाने सांगितलं, तसं लिहिलेलं असलं तरी माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय त्याची रोजीरोटी काढून घेता येत नाही. त्या कामगाराला नोकरी परत मिळाली, अर्ध्या मागच्या वेतनासह. दुसरा २०१२ चा, कृष्णकांत परमार यांचा. तो सरकारी कर्मचाऱ्याचा होता, पण त्यातला विचार सगळीकडे लावता येतो: प्रत्येक गैरहजेरी म्हणजे मुद्दाम केलेली गैरहजेरी नव्हे. आजार, अपघात, रुग्णालयात भरती होणं यांसारख्या हाताबाहेरच्या कारणांनी माणूस येऊ शकला नाही, तर ती गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध करावं लागतं, आणि ते मालकाने करायचं असतं.

तेव्हा उद्या तुमच्या हातात कारणे दाखवा नोटीस आली तर घाबरू नका. ती घ्या, तारीख टाकून पोच द्या आणि दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. नोटीस न घेणं किंवा उत्तर न देणं या दोन चुका मी सगळ्यात जास्त वेळा पाहिल्या आहेत, आणि त्या चांगल्या चांगल्या प्रकरणांचा घात करतात.

पण नोटिशीची वाट कशाला बघायची? तुमची बाजू आजवर फक्त तोंडी आणि व्हॉट्सॲपवर आहे. ती कागदावर आणा, आणि महिनाअखेरच्या आधी आणा. भाषा साधी ठेवा. असं लिहिता येईल:

'विषय : दि. … ते दि. … या काळातील गैरहजेरी रजा म्हणून मंजूर करण्याबाबत.

महोदय, दि. … रोजी मध्यरात्री माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्याने त्यांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच पहाटे ४.३० वाजता मी माझ्या वरिष्ठांना व्हॉट्सॲपवर व सकाळी फोनवर कळवले होते. घरात दुसरी व्यक्ती उपलब्ध नसल्याने दि. … पर्यंत मला रुग्णालयात थांबणे भाग होते. रुग्णालयाचा दाखला सोबत जोडला आहे. या काळातील कामाचे आठ दिवस माझ्या शिल्लक रजेतून वळते करावेत, वेतनातून झालेली अठरा दिवसांची कपात परत मिळावी आणि माझ्या रजा खात्याचा उतारा मिळावा, ही विनंती. दि. … पासून मी नियमित कामावर हजर असून नोकरी सोडण्याचा माझा विचार नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. उद्या कुणी 'तिनेच सोडायचं म्हटलं होतं' असं सांगायला लागलं, तर ते एक वाक्य तुमच्या बाजूने उभं राहील. साहेबांवर आरोप, एचआरच्या वागण्याची तक्रार, कायद्याची कलमं यातलं काही या पहिल्या पत्रात नको. साहेबांनी 'आधी घरचं बघ' म्हटलं होतं, तर त्यांना विरोधी बाजूला ढकलू नका. ते तुमचे साक्षीदार आहेत. दाखला म्हणून रुग्णालयात दाखल केल्याचा आणि घरी सोडल्याचा कागद पुरे. वडिलांचे मेंदूचे फोटो, तपासण्यांचे अहवाल कार्यालयात वाटण्याचं कारण नाही. आजार वडिलांचा आहे, त्याचा तपशील कुणाला द्यायचा हे त्यांनी ठरवायचं.

पत्र ईमेलने पाठवा, त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा. कार्यालयाच्या ईमेलवर विसंबू नका. नोकरीवरून वाद झाला की तो पहिल्यांदा बंद होतो. छापील प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह.

माझा अनुभव असा की अशी निम्मी प्रकरणं या एका पत्रावर थंड होतात. लेखी आलं की एचआरला वरच्यांना विचारावं लागतं, आणि वरचे वकिलाला विचारतात. म्हणून आधीच कामगार कार्यालयात धावू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा नोकरीवर घाला आलाच, तर मात्र थांबू नका. दुकाने निरीक्षकाकडे (नव्या कायद्यात त्यांना सुविधाकार म्हणतात) किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. सूडबुद्धीने किंवा घाईघाईत काढून टाकणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथा ठरू शकते. त्याची तक्रार ९० दिवसांच्या आत करायची असते, आणि ही मुदत निसटलेले लोक मी फार पाहिले. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००.

आता पुढच्या महिन्यांचं. मला वाटतं तुमची खरी अडचण ही आहे. झालेले नऊ दिवस निस्तरतील. पक्षाघातानंतर सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत, आणि तेव्हाचा व्यायाम बुडवून चालत नाही. तेव्हा वरच्या पत्राचा निकाल लागला की दुसरं पत्र द्या, या वेळी आधी. रोजच्या व्यायामाला पूर्ण दिवसाची रजा खर्च करू नका. तास बदलून मागा: सकाळी लवकर येऊन दुपारी लवकर निघणं, आठवड्यातून दोन दिवस घरून हिशेबाचं काम, तीन महिन्यांपुरतं. मुदत लिहिली की मालकाला हो म्हणणं सोपं जातं. हे हक्क म्हणून मिळणार नाही, विनंती म्हणूनच मागावं लागेल. साठवलेली रजा, वडिलांना पुन्हा रुग्णालयात भरती करायची वेळ आली तर म्हणून, हाताशी ठेवा, आणि तीही संपली तर बिनपगारी रजेचा अर्ज द्या, पण लेखी मंजुरी घेऊनच जा. मंजूर रजा संपल्यावर परतायला उशीर होणार असेल तर संपण्याच्या आदल्या दिवशी वाढीव अर्ज पाठवा. बऱ्याच ठिकाणच्या स्थायी आदेशांत रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर होऊन खुलासा न केल्यास नोकरीवरचा हक्क जाण्याचं कलम असतं.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. तुमचा पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असायला हव्यात. पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का बघा, साधारण १४९ रुपये. दिसत असेल तर तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही उपचारांच्या छत्राखाली येतात, त्यांचं मासिक उत्पन्न ९,००० रुपयांच्या आत असेल तर. वडिलांचं नाव तुमच्या कार्डावर नोंदवलेलं नसेल तर या आठवड्यात नोंदवून घ्या. आजारपणाचा रोख भत्ता मात्र तुम्ही स्वतः आजारी असाल तरच मिळतो, वडिलांच्या आजारासाठी नाही. भविष्यनिर्वाह निधीतून घरच्यांच्या आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. ती परत फेडायची नसते आणि अर्ज ऑनलाइन होतो. म्हातारपणाची पुंजी आहे, म्हणून ती शेवटी काढा, पण सावकाराकडे किंवा मोबाइलवरच्या कर्जवाल्यांकडे जाण्याआधी नक्की काढा.

आणि 'चूक तुझीच' म्हणणाऱ्यांबद्दल. एकुलत्या एक मुलीने बापाला अतिदक्षता विभागात सोडून खतावणी लिहायला यावं, अशी अपेक्षा कुठलाही कायदा करत नाही. तुम्ही पहाटे साडेचारला कळवलंत. त्या अवस्थेत तेवढं सुचलं हेच पुष्कळ आहे.

पत्र उद्याच द्या. रजेच्या खात्याचा उतारा हाती आला की त्यातले आकडे मला कळवा. किती दिवस शिल्लक आहेत त्यावर पुढच्या तीन महिन्यांची आखणी आपण बसवू.